योजनेत बसते, पण कुठवर? मज्जा प्रत्यारोपणाच्या सरकारी संरक्षणाचे परीक्षण

अस्थिमज्जा प्रत्यारोपण, म्हणजे आपल्याकडे सगळे जण ज्याला थोडक्यात ‘बोन मॅरो’ म्हणतात तो मूळपेशींचा उपचार, ‘योजनेत बसतो का’ हा प्रश्न सांगली-मिरजेच्या दवाखान्यांतील बाकांवर आता वरचेवर ऐकू येतो. माझे उत्तर असे की तो बसतो, आणि पाच-सहा वर्षांपूर्वीपेक्षा पुष्कळ चांगला बसतो. मात्र योजना रुग्णाला ज्या दिवशी दाखल करून घेते त्याच्या आधीचे आणि ज्या दिवशी घरी सोडते त्याच्या नंतरचे ओझे जवळजवळ सगळे कुटुंबाच्याच डोक्यावर राहते. योजना खाटेचे पैसे देते, आणि हा आजार खाटेवर असतो त्याहून कितीतरी अधिक काळ घरात असतो. माझ्या भाचीच्या निमित्ताने हा व्यवहार जवळून पाहिल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे. तिचे प्रत्यारोपण ज्या योजनेतून झाले ती थॅलेसेमिया बाल सेवा योजना आणि आपल्यापैकी बहुतेक जण पहिली चौकशी जिथे करतात ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, अशा दोन सेवांबद्दल हे आहे.

माझी धाकटी बहीण तासगाव तालुक्यात दिलेली आहे. दाजींची थोडी द्राक्षबाग आहे आणि हंगामात ते बेदाण्याच्या शेडवरही जातात. मुलीला थॅलेसेमिया मेजर असल्याचे ती तान्ही असतानाच कळले आणि तेव्हापासून दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवणे हे घरातले एक नित्याचे काम झाले. या आजारात शरीर स्वतःचे हिमोग्लोबिन पुरेसे बनवू शकत नाही, म्हणून बाहेरून रक्त द्यावे लागते. त्या रक्तातले लोह साचत जाऊन यकृत, हृदय आणि अंतःस्रावी ग्रंथी बिघडतात, म्हणून लोह काढणाऱ्या गोळ्या रोज घ्याव्या लागतात. यातून कायमचे सुटण्याचा रुळलेला मार्ग म्हणजे निरोगी दात्याच्या मूळपेशी. सख्खे भावंड पूर्णपणे जुळण्याची शक्यता प्रत्येक भावंडामागे चारांत एक इतकीच असते. आमच्या सुदैवाने तिचा मोठा भाऊ पूर्ण जुळला.

उपचाराची ही रचना आधी सांगण्याचे कारण असे की योजनेचे सगळे नियम तिच्यावरच उभे आहेत. रुग्णाच्याच पेशी काढून, साठवून त्यालाच परत देणे हा एक प्रकार झाला, जो मायलोमा आणि काही लिम्फोमा या रक्ताच्या कर्करोगांमध्ये वापरतात आणि तो तुलनेने स्वस्त पडतो. भावंडाच्या पेशी देणे हा दुसरा. आई किंवा वडील यांच्या अर्ध्याच जुळणाऱ्या पेशी देणे, ज्याला डॉक्टर ‘हॅप्लो’ म्हणतात, हा तिसरा, आणि नोंदणी संस्थेमार्फत शोधलेल्या परक्या दात्याच्या पेशी देणे हा चौथा. शेवटच्या दोन प्रकारांत संसर्ग आणि नव्या पेशींनी रुग्णाच्याच शरीरावर उलटणे यांचा धोका अधिक असल्याने खर्चही झपाट्याने वाढतो. त्यामुळे ‘बोन मॅरो योजनेत आहे का’ एवढेच विचारून मिळालेल्या ‘हो’ला फारसा अर्थ नसतो. कोणता प्रकार, कोणत्या आजारासाठी आणि कोणत्या रुग्णालयात, ही तीन उत्तरे एकत्र मिळाली तरच ते ‘हो’ कामाचे असते.

फुले योजनेचा इतिहास थोडा पाहिला पाहिजे, कारण गावोगावी अजून जुन्याच आकड्यांवर बोलणे चालते. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ती २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली, नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर पोहोचली आणि २०१७ पासून महात्मा फुले यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचे आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी अडीच लाखांचे संरक्षण होते. १ एप्रिल २०२० पासून ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडली गेली, पण पाच लाखांचे संरक्षण तेव्हा २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेच्या यादीतल्या कुटुंबांनाच होते. बहिणीचे कुटुंब केशरी शिधापत्रिकेचे आणि त्या यादीबाहेरचे, म्हणून त्यांच्या वाट्याला दीड लाखच. भावंडाच्या पेशींचे प्रत्यारोपण खासगी रुग्णालयात साधारण दहा लाखांच्या पुढेच जाते, तेव्हा दीड लाखाची मर्यादा आणि हा उपचार यांची गाठ पडणे शक्यच नव्हते. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने सर्व शिधापत्रिकाधारकांना, अगदी पांढऱ्या शिधापत्रिकेच्या कुटुंबांनाही, पाच लाखांचे संरक्षण आणि १,३५६ उपचार मान्य झाले आणि जुलै २०२४ पासून त्याचा अंमल सुरू झाला.

खरा फरक पडला तो २०२५ च्या निर्णयाने. उपचारांची संख्या २,३९९ करण्यात आली आणि पाच लाखांत कधीच न मावणाऱ्या नऊ महागड्या उपचारांसाठी वेगळ्या राखीव निधीतून २२ लाखांपर्यंत मदत देण्याचे ठरले. यकृत, हृदय आणि फुप्फुस यांच्या प्रत्यारोपणांबरोबर या नवांत मज्जा प्रत्यारोपणाचे तीन प्रकार स्वतंत्रपणे धरलेले आहेत. भावंडासारख्या जुळणाऱ्या दात्याच्या पेशींच्या नेहमीच्या प्रत्यारोपणाला साडेनऊ लाख, तर परका दाता आणि हॅप्लो या प्रकारांना प्रत्येकी १७ लाख. ज्याने कोणी ही विभागणी केली त्याला या उपचाराचे गणित कळते, असे मी म्हणेन. साऱ्या प्रत्यारोपणांना एकच सरसकट आकडा ठेवला असता तर ज्यांचे भावंड जुळते त्यांचे भागले असते आणि ज्यांचे जुळत नाही, म्हणजे बहुसंख्य, ते पुन्हा दारातच राहिले असते. एकच मूल असलेल्या कुटुंबांना तर जुळणाऱ्या भावंडाची आशाच नसते. त्यांच्यासाठी हॅप्लोचा वेगळा आकडा ही या निर्णयातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

आमचे काम मात्र या निर्णयाच्या आधीचे. त्या वेळी उघडे असलेले दार थॅलेसेमिया बाल सेवा योजनेचे होते. कोल इंडिया या सार्वजनिक कंपनीने आपल्या सामाजिक दायित्वाच्या निधीतून केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या साथीने २०१७ मध्ये ती सुरू केली. तीत एका मुलामागे दहा लाखांपर्यंतची रक्कम थेट रुग्णालयाला दिली जाते. पुढे तीत ॲप्लास्टिक ॲनिमियाचे, म्हणजे ज्यांची मज्जा पुरेशा रक्तपेशी बनवत नाही असे, रुग्णही घेण्यात आले. काटेकोर अर्थाने हा विमा नाही, पण घेणाऱ्याच्या दृष्टीने काम तेच आहे, आणि कित्येक बाबतींत विम्यापेक्षा सरळ आहे. अटी थोड्या आणि स्पष्ट आहेत. मूल लहान, थॅलेसेमियासाठी बारा वर्षांच्या आतले हवे, पूर्ण जुळणारे भावंड हवे, कुटुंबाचे उत्पन्न ठरावीक मर्यादेत हवे आणि उपचार यादीतल्याच रुग्णालयात व्हायला हवा. त्या यादीत वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि दिल्लीचे एम्स यांच्यासारखी, हे काम वर्षानुवर्षे करणारी केंद्रे आहेत. पैसे कुटुंबाच्या हातून जात नाहीत, त्यामुळे आधी भरा आणि मग मागा ही कसरत नाही. या एका गोष्टीसाठी मी या योजनेला दहापैकी नऊ गुण देईन.

एक गुण कापला तो कागदांसाठी नव्हे, तर माहितीसाठी. ही योजना अस्तित्वात आहे हे आम्हाला जिल्ह्यातल्या कोणत्याही खिडकीवर कळले नाही. भाचीला जिथे रक्त चढवत असत तिथे शेजारच्या खाटेवरच्या मुलाच्या आईने ते सांगितले. थॅलेसेमियाच्या मुलांच्या आया त्या खोलीत तासन्‌तास बसतात आणि गोळ्या कुठे मिळतात, कोणत्या डॉक्टरांकडे जावे, कोणता दाखला कुणाकडून मिळतो हे सारे एकमेकींना सांगतात. सरकारी योजनेची प्रसिद्धी प्रत्यक्षात या बायका करतात, आणि त्यांची ओळख ज्यांना मिळत नाही त्यांना योजनाही मिळत नाही.

कागदांचे म्हणाल तर अडचण फार क्षुल्लक ठिकाणी येते. शिधापत्रिकेवर भाचीचे नाव चढवलेलेच नव्हते. मुलगा जन्मल्यावर त्याचे नाव घातले गेले, मुलीच्या वेळी सुरुवातीपासूनच दवाखाना मागे लागला आणि ते राहून गेले. फुले योजनेच्या खिडकीवरच्या आरोग्यमित्राने आधार कार्ड आणि शिधापत्रिका शेजारी शेजारी ठेवून पाहिली आणि बहिणीला म्हणाला, “ताई, पोरगी आधारात आहे, रेशनला नाही. रेशनला नसेल तर आमच्या संगणकात ती तुमच्या घरचीच नाही.” सांगताना तोही ओशाळला होता. नाव चढवणे, शिधापत्रिकेचा बारा अंकी क्रमांक तपासणे, ई-केवायसी करणे आणि मग आयुष्मान कार्ड काढणे यात जो काळ जातो तो साध्या आजारात चालून जातो, पण ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कर्करोगात, चालत नाही. ज्यांच्या घरात असा आजार आहे त्यांनी प्रत्यारोपणाचा विषय निघण्याची वाट न पाहता घरातल्या प्रत्येकाचे, दाता ठरू शकेल अशा भावंडाचेसुद्धा, नाव शिधापत्रिकेवर आणि आधारवर सारख्याच स्पेलिंगने आहे ना हे आजच पाहावे.

आरोग्यमित्रांबद्दल लोक बरेच वाईट बोलतात. माझा अनुभव संमिश्र आहे. अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेल्या, रुग्णालयाच्या दाराशी बसणारा हा माणूस योजनेचा चेहरा असतो, पण निर्णय त्याच्या हातात नसतो. रुग्णालयाचा समन्वयक कागद ऑनलाइन पाठवतो, तिकडून मंजुरी येते किंवा ‘क्वेरी’, म्हणजे शंका, येते. क्वेरीचे उत्तर रुग्णालयाने द्यायचे असते आणि तिथेच दिवस जातात. पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात आम्ही केवळ अंदाजपत्रक मागायला गेलो, तेव्हा योजनेचा शब्द काढताच आम्हाला दुसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर आणि तळमजल्यावरून पुन्हा दुसऱ्या मजल्यावर पाठवण्यात आले, आणि शेवटी हाती आलेल्या कागदावर रोख भरणाऱ्यासाठीचाच आकडा होता. फलकावर योजनेचे नाव असणे आणि त्या विशिष्ट उपचारासाठी रुग्णालय अंगीकृत असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. १५५३८८ किंवा १८००-२३३-२२०० या क्रमांकांवर फोन करून रुग्णालयाचे आणि उपचाराचे नाव एकत्र सांगून विचारले की फेऱ्या वाचतात. ही मदतवाहिनी चांगली आहे. बोलणारी व्यक्ती मराठीत, न चिडता बोलते, आणि सरकारी सेवेच्या परीक्षणात ही बाब नोंदवण्याची संधी क्वचित मिळते म्हणून मुद्दाम नोंदवतो.

आता योजना जिथे सुरू होते त्याच्या आधीचा खर्च. जुळणी पाहण्याची एचएलए तपासणी ही पहिली पायरी. आई, वडील, भावंड, रुग्ण अशा सगळ्यांची करायची म्हणजे शेतकरी कुटुंबाला तोच एक धक्का असतो. थॅलेसेमियाच्या मुलांसाठी ही तपासणी मोफत करणारी शिबिरे भरतात. डीकेएमएस फाउंडेशन इंडियासारख्या संस्था गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेऊन ती करून देतात. आमची अशीच शिबिरात झाली. पण शिबिर तुमच्या गावाजवळ, तुमच्या गरजेच्या वेळी भरेल याची खात्री कोण देणार? खरे तर ही तपासणी जिल्हा रुग्णालयातून योजनेच्याच खर्चाने व्हायला हवी, कारण तिच्याशिवाय पुढच्या लाखांचा प्रश्नच उद्भवत नाही.

याहून मोठी उणीव लोह काढणाऱ्या गोळ्यांची आहे, आणि या ठिकाणी मी थोडा रेंगाळणार आहे. इटलीतल्या पेसारो येथील डॉक्टरांनी थॅलेसेमियाच्या मुलांचे प्रत्यारोपणापूर्वी तीन वर्ग पाडण्याची पद्धत घालून दिली, ती आजही वापरली जाते. यकृत किती वाढले आहे, त्यात तंतू किती साचले आहेत आणि लोह काढण्याचे औषध नियमित घेतले गेले आहे की नाही, या तीन गोष्टींवर वर्ग ठरतो. पहिल्या वर्गातल्या मुलाचे प्रत्यारोपण यशस्वी होण्याची शक्यता सर्वांत चांगली आणि तिसऱ्या वर्गात ती बरीच घटते. म्हणजे लोह काढणाऱ्या डेफेरासिरॉक्सच्या गोळ्या वर्षानुवर्षे न चुकता मिळाल्या की नाहीत, यावर त्या दहा किंवा साडेनऊ लाखांचे चीज होणार की नाही हे ठरते. सरकारी पुरवठ्यातून या गोळ्या मोफत मिळतात, पण भाचीच्या बाबतीत मधूनमधून ‘स्टॉक नाही’ हे उत्तर मिळत राहिले आणि तेवढ्या महिन्यांच्या गोळ्या दाजींनी मेडिकलमधून विकत आणल्या. ज्यांना विकत आणणे जमले नाही अशी मुले त्या खोलीत होती. त्यांची फेरिटिनची, म्हणजे साचलेले लोह दाखवणारी, पातळी पाहून डॉक्टरांनी प्रत्यारोपणाचा विषयच पुढे ढकलला होता. शेवटी लाखांनी देणारी व्यवस्था सुरुवातीला गोळीला हात आखडता घेते, तेव्हा ती स्वतःचेच लाख धोक्यात घालते.

प्रत्यक्ष दाखल असतानाच्या काळाबद्दल मात्र माझी तक्रार नाही. दक्षिणेतल्या ज्या रुग्णालयात काम झाले तिथे योजनेचा रुग्ण आणि पैसे भरणारा रुग्ण यांच्यात खोलीचा, औषधाचा किंवा वागणुकीचा फरक आम्हाला दिसला नाही. आधी जुनी मज्जा रिकामी करण्यासाठी केमोथेरपी दिली जाते. तिच्यातले थायोटेपा हे औषध घामातून बाहेर पडते आणि कातडी जाळते, म्हणून बहिणीने मुलीला दिवसातून अनेकदा, रात्रीसुद्धा उठवून, आंघोळ घातली. काखेत, मानेच्या वळीत, पायांच्या बोटांत पाणी पोहोचले की नाही हे परिचारिका स्वतः वाकून पाहात. त्यानंतर भावाची मज्जा भूल देऊन कमरेच्या हाडातून काढली आणि ती पिशवी भाचीच्या खाटेशी टांगली गेली. तान्हेपणापासून रक्ताच्या पिशव्या पाहात आलेल्या त्या पोरीने काचेपलीकडून माझ्याकडे बघत फोनवर विचारले, “मामा, एवढंच?” दिसायला खरेच एवढेच असते. पुढचे दोन-तीन आठवडे सगळ्यांचे लक्ष रक्तपेशींच्या रोजच्या काउंटवर. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचा आकडा सलग तीन दिवस ५०० च्या वर राहिला की नव्या पेशी रुजल्या असे मानतात. या काळातली महागडी प्रतिजैविके आणि किरणांची प्रक्रिया केलेल्या रक्तपिशव्या यांचे वेगळे बिल आमच्या हाती आले नाही. प्लेटलेटसाठी दाते मात्र आम्हालाच उभे करावे लागले. परमुलखात, परभाषेत दाता शोधणे काय असते हे ज्याने केले त्यालाच ठाऊक. शेवटी तिथे शिकणारी आपल्याकडचीच काही मुले धावून आली.

घरी सोडल्यानंतर योजनेचा हात सुटतो. फुले योजनेत घरी सोडल्यापासून दहा दिवसांचा पाठपुरावा पॅकेजमध्ये धरलेला असतो, आयुष्मान भारतमध्ये पंधरा दिवसांचा. गुडघ्याच्या किंवा पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेला हे पुरेसे आहे. प्रत्यारोपणात मात्र पहिले शंभर दिवस रुग्णाला रुग्णालयाच्या जवळच राहावे लागते, नव्या पेशींनी शरीरावर उलटू नये म्हणून सायक्लोस्पोरिनसारखी औषधे कित्येक महिने घ्यावी लागतात, त्यांची रक्तातली पातळी तपासत राहावी लागते, आणि सायटोमेगॅलो नावाचा विषाणू उठला आहे का हे पाहण्याची तपासणी पुनःपुन्हा करावी लागते. तो उठलाच तर व्हॅलगॅनसायक्लोविरच्या गोळ्या, ज्यांची किंमत ऐकून औषधाच्या दुकानात दाजी काही क्षण बोललेच नाहीत. दहा लाखांतून जे उरले होते त्यातून काही काळ भागले, नंतर बहिणीच्या बांगड्या सोनेतारणात गेल्या. खोलीचे भाडे, प्रेशर कुकरमध्ये शिजवलेले ताजे अन्न, उकळलेले पाणी आणि घरचा एक मिळवता माणूस हंगामभर बागेपासून दूर, हा हिशेब कोणत्याच योजनेच्या कागदावर नसतो. पातळ सालीची फळे वर्ज्य असल्यामुळे, द्राक्षांच्या गावच्या पोरीला ऐन हंगामात केळ्यावर राहावे लागले.

पुढच्या प्रत्यारोपितांसाठी फुले योजनेत एवढा एक बदल झाला तरी पुरे, असे मी म्हणेन: साडेनऊ किंवा १७ लाखांच्या रकमेतला काही भाग पहिल्या वर्षाच्या औषधांसाठी आणि तपासण्यांसाठी राखून ठेवावा, आणि तो सांगली, सातारा, कोल्हापूर अशा रुग्णाच्या जवळच्या शासकीय रुग्णालयातून खर्च करता यावा. मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, सांगलीचे पद्मभूषण वसंतदादा पाटील रुग्णालय आहे. प्रत्यारोपण केलेल्या केंद्राने लिहून दिलेली औषधे देण्यासाठी या दोन्ही ठिकाणी कोणतीही नवी यंत्रसामग्री लागणार नाही.

तोवर खिंडार बुजवण्यासाठी काही दारे ठोठावता येतात. मुख्यमंत्री सहायता निधी आणि पंतप्रधानांचा मदत निधी ही सर्वांना माहीत असलेली. कमी माहीत असलेले म्हणजे धर्मादाय रुग्णालयांचे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक नुसार अशा रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा पहिल्यासाठी १ लाख ८० हजार आणि दुसऱ्यासाठी ३ लाख ६० हजार अशी आहे. पुण्या-मुंबईची पुष्कळ मोठी रुग्णालये या कलमाखाली येतात, तेव्हा समाजसेवा अधीक्षकाला आधी भेटावे, डॉक्टरांना नंतर. रेल्वेत थॅलेसेमिया आणि कर्करोग या दोन्ही रुग्णांना भाड्यात सवलत आहे. मिरजेहून लांबचा पल्ला वारंवार करणाऱ्या कुटुंबाला ती छोटी वाटत नाही.

एक इशारा विषयाला धरूनच. ‘स्टेम सेल’ या शब्दाचा बाजार आता तालुक्याच्या गावांपर्यंत आला आहे. गुडघेदुखी, मधुमेह, स्वमग्नता अशा कशावरही मूळपेशींची इंजेक्शने देणारी मंडळी ‘पुढे योजनेतून पैसे मिळतील’ असेही सांगतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या विकारांसाठीचे प्रत्यारोपण सोडले तर मूळपेशींचे इतर बहुतेक उपचार प्रायोगिकच आहेत, आणि प्रयोगाचे पैसे रुग्णाकडून घेणे मुळातच गैर आहे. प्रसूतिगृहात नाळेचे रक्त साठवण्याचे पॅकेज विकणाऱ्यांचेही तसेच. थॅलेसेमिया घेऊन जन्मलेल्या बाळाच्या नाळेतल्या रक्तातही तोच दोष असतो, त्यामुळे त्याचेच रक्त त्याला परत देऊन काहीही साधत नाही. भाचीच्या जन्माच्या वेळी बहिणीने पहिला हप्ता भरला होता, पुढचे भरले नाहीत, आणि त्या बचतीतून निदान काही महिन्यांच्या गोळ्या तरी आल्या.

गुणच द्यायचे तर फुले योजनेला आजच्या स्वरूपात मी दहापैकी सात देतो. रक्कम आणि प्रकारांची विभागणी यांसाठी ते सात आहेत. तपासणी, गोळ्या आणि पाठपुरावा यांमुळे तीन गेले. भाचीला प्रत्यारोपणानंतर रक्त लागलेले नाही. सध्या तिच्या लसींचे चालू आहे, कारण जुन्या मज्जेबरोबर तान्हेपणी घेतलेल्या लसींचे संरक्षणही गेलेले असते आणि त्या सगळ्या पुन्हा द्याव्या लागतात, गोवरासारख्या जिवंत लसी तर दोन वर्षे उलटल्यावरच. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या तक्त्यात लसी वयानुसार लिहिलेल्या आहेत, आणि शाळेत जाणाऱ्या मुलीला दीड महिन्याच्या बाळाची लस कोणत्या रकान्यात नोंदवायची हे तिथल्या सिस्टरना ठाऊक नव्हते. त्यांनी वरिष्ठांना विचारून काही तिथेच दिल्या. उरलेल्या खासगी दवाखान्यातून विकत घ्याव्या लागत आहेत, आणि त्यांची पावती कोणत्याही योजनेकडे पाठवता येत नाही.